पावसाला घाबरणारे धनुष्य

१३८८ सालच्या पावसाळ्यात कोरियाची एक फौज यालू नदीपाशी येऊन थबकली. गोर्यो राजवटीने ती मिंग चीनच्या हद्दीतल्या ल्याओदोंग प्रांतावर चालून जाण्यासाठी धाडली होती. सेनानींपैकी एक होता यी सॉन्ग-ग्ये, स्वतः नामांकित तिरंदाज. या मोहिमेला त्याचा आधीपासूनच विरोध होता आणि त्याने त्याची चार कारणे दिली होती. लहान राज्याने मोठ्या राज्यावर हात उगारणे धोक्याचे. ऐन उन्हाळ्यात फौज बाहेर काढणे अयोग्य. सगळे सैन्य उत्तरेला गेले की दक्षिणेचा किनारा जपानी चाच्यांना मोकळा मिळणार. चौथे कारण हवेचे होते: दिवस पावसाचे आहेत, धनुष्यांचा सरस सुटेल आणि छावणीत रोगराई पसरेल. त्याचे कुणी ऐकले नाही. अखेर नदीतल्या विह्वादो बेटावरून त्याने फौज माघारी वळवली, राजधानी ताब्यात घेतली आणि १३९२ मध्ये जोसॉन राजवटीची स्थापना केली. ही राजवट पाचशेहून अधिक वर्षे टिकली.

सरस सुटेल म्हणून राज्य बदलले, असे म्हणता येणार नाही. त्यामागे दरबारातले जुने हेवेदावे होते, जमिनीचे वाद होते, सत्तेची ओढ होती. पण राजापुढे मांडायच्या चार कारणांत धनुष्याच्या सरसाला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. फौजेचे मुख्य हत्यार पावसात निकामी होऊ शकते, हे त्या काळी प्रत्येक सेनानीला ठाऊक होते. तरीही आशियाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर हजारो वर्षे हेच हत्यार सर्वांत मोलाचे मानले गेले. पाण्याला इतके घाबरणारे धनुष्य माणसाने इतकी वर्षे का जपले, याचे उत्तर ते बनवण्याच्या रीतीत आहे. कोरियात ही रीत आजही जिवंत आहे, म्हणून आपण तिथलेच धनुष्य हातात घेऊ. त्याचे नाव गाकगुंग, म्हणजे शिंगाचे धनुष्य.

एकट्या लाकडाची मर्यादा

धनुष्य ओढले की त्याच्या पात्यात एकाच वेळी दोन उलट गोष्टी घडतात. नेमबाजाच्या विरुद्ध दिशेची बाजू, जिला आपण पाठ म्हणू, ती ताणली जाते. नेमबाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधल्या गाभ्यावर त्या मानाने फारसा ताण येत नाही. लाकडाला हा ताण आणि दाब एका मर्यादेपर्यंतच सोसतो. मूळ लांबीच्या साधारण एक टक्का ताण आला की बहुतेक लाकडे पाठीकडून चिरतात किंवा पोटाकडून चुरगळतात. म्हणून निव्वळ लाकडाचे जोरकस धनुष्य लांब ठेवावे लागते. लांबी वाढली की तोच बाक जास्त अंतरावर वाटला जातो आणि प्रत्येक ठिकाणचा ताण कमी होतो. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेतून यू झाडाच्या लाकडाची जी धनुष्ये वर काढली गेली, त्यांची लांबी सरासरी दोन मीटरच्या घरात भरते. पुरुषभर उंचीपेक्षाही लांब असे हे हत्यार पायी लढणाऱ्याला चालते. घोड्यावर बसून मागे वळणाऱ्याला ते अडचणीचे होते.

गाकगुंगची लांबी साधारण सव्वा मीटर असते, आणि दोरी मात्र कानाच्या मागे जाईपर्यंत ओढायची असते. एवढ्या आखूड लाकडाला इतके वाकवले तर त्याचे दोन तुकडे होतील. यावर मध्य आशियातल्या आणि पश्चिम आशियातल्या कारागिरांनी फार पूर्वी शोधलेला उपाय असा, की पोटाला दाब सोसणारी वस्तू लावायची, पाठीला ताण सोसणारी वस्तू लावायची, आणि लाकडाकडे फक्त त्या दोघींना अंतरावर धरून ठेवण्याचे काम द्यायचे. पोटासाठी शिंग आणि पाठीसाठी जनावराची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी चिवट शीर. या दोन्ही वस्तू लाकडाच्या कित्येक पट ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येतात. इजिप्तचा तुतनखामुन इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात वारला, त्याच्या थडग्यात अशी जोडीव धनुष्ये अनेक सापडली. म्हणजे ही युक्ती तेव्हाही जुनीच होती.

अनेक वस्तू, अनेक मुलूख

गाकगुंगसाठी लागणारे सामान एका गावात मिळत नाही. गाभा बांबूचा. टोके तुतीच्या लाकडाची, मूठ ओकच्या लाकडाची. पोटावर पाणम्हशीचे शिंग, पाठीवर बैलाची कंडरा. हे सगळे जोडायला माशाच्या पोट्याचा सरस, आणि वरून आवरण भूर्जाच्या सालीचे. दोरी रेशमाची आणि तिला मेण चोळलेले.

यातले शिंग कोरियाचे नाही, कारण कोरियात म्हैस नव्हती. बैलाचे शिंग आखूड पडते. म्हशीचे शिंग मात्र लांब असते आणि त्याच्या बाहेरच्या वळणावरून एकसंध पट्टी निघते. डोळ्यांसमोर चित्र हवे असेल तर आपली पंढरपुरी म्हैस आठवावी. मुऱ्हा म्हशीचे गच्च वेटोळे शिंग या कामाला निरुपयोगी. खांद्याच्या मागेपर्यंत गेलेले लांब, सपाट शिंगच उपयोगाचे. एका शिंगातून एका पात्याची पट्टी निघते, म्हणून एका धनुष्याला एका जनावराची जोडी लागते. दोन्ही शिंगे एकाच जनावराची असली की त्यांची जाडी आणि लवचीकता जुळते. ही शिंगे दक्षिण चीनमधून आणि त्याच्याही पलीकडच्या उष्ण मुलुखांतून व्यापाराने येत. पंधराव्या शतकात मिंग दरबाराने कोरियाला शिंगे विकण्यावर मर्यादा घातली, तेव्हा जोसॉन दरबारात खळबळ उडाली, कारण शिंग अडले की सैन्य अडले. त्याच शतकात रुक्यू बेटांच्या राज्याकडून म्हशी आणवून कोरियात त्यांची पैदास करण्याचा प्रयत्न झाला. तो फळला नाही. थंडीच्या देशात म्हैस रुजली नाही, आणि शिंग शेवटपर्यंत परदेशीच राहिले.

गाभ्यासाठी बांबू निवडण्यातही एक गमतीची गोष्ट आहे. ‘झोउली’ या प्राचीन चिनी ग्रंथात ‘काओगोंगजी’ नावाचा कारागिरीचा भाग आहे, इसवी सनाच्या काही शतके आधीचा. त्यात गाभ्याच्या सात लाकडांची प्रतवारी दिली आहे. पहिला मान तुतीच्या कुळातल्या एका झाडाला, आणि बांबू सर्वांत शेवटी. कोरियन कारागिरांनी त्या शेवटच्या वस्तूलाच गाभ्यात बसवले आणि तुतीला टोकाशी पाठवले. बांबू हलका आणि सरळ धाग्याचा असतो, उष्णतेवर हवा तसा वाकतो, आणि पातळ केला तरी फाटत नाही. पाठीवर कंडरा आणि पोटावर शिंग भक्कम असेल, तर गाभ्याकडून याहून जास्त काही मागायचे नसते. ज्या टोकांवर दोरीची खाच येते आणि जिथे झटका बसतो, तिथे मात्र घट्ट, चिवट लाकूड हवे. तिथे तुती योग्य ठरते.

सरस

या धनुष्याचा खरा जीव सरसात आहे. कोरियन कारागीर मिनॉ नावाच्या माशाचा पोटा वापरतात. हा पोटा म्हणजे माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी. मिनॉ आपल्या घोळ माशाच्याच कुळातला. पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर घोळीचे बोत म्हणजे मासेमाराचे भाग्य. ते वाळवून परदेशी जाते आणि माशाच्या मांसाहून कितीतरी महाग विकले जाते. त्याच पिशवीपासून कोरियात सरस होतो.

वाळलेला पोटा आधी धुऊन त्याची चरबी आणि घाण काढतात, मग पाण्यात भिजवून मऊ करतात. त्यानंतर तो मंद आचेवर पाण्यात विरघळवायचा, पण उकळी येऊ द्यायची नाही. पोटा बनलेला असतो कोलॅजेन या प्रथिनाचा. हे प्रथिन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. सौम्य उष्णतेने पीळ सुटतो आणि पाण्यात त्याचा चिकट द्राव होतो. आच वाढली तर साखळ्याच तुटतात आणि सरसाचा जोर जातो. म्हणून भांड्याशी बसून राहणारा, घाई नसलेला माणूस लागतो. तयार सरस गाळून घेतला की तो मधाच्या रंगाचा दिसतो.

चामड्याच्या सरसापेक्षा माशाचा सरस उशिरा गोठतो. हे महत्त्वाचे, कारण लांब शिंग लांब बांबूवर नीट बसवायला कारागिराला वेळ हवा असतो. आणि तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होत नाही, थोडा लवचीक राहतो. ज्या वस्तूला आयुष्यभर वाकायचे आहे, तिच्या सांध्यालाही वाकता आले पाहिजे.

यात निसर्गाची एक सुंदर जुळणी आहे. पाठीवर लावायची कंडराही कोलॅजेनचीच असते. म्हणजे सरस आणि कंडरा एकाच प्रथिनाची दोन रूपे, एक पीळ सुटलेले आणि एक पीळ शाबूत असलेले. ओला सरस कंडरेच्या तंतूंमध्ये शिरतो आणि वाळल्यावर दोन्ही मिळून एकच अंग होते. आजच्या भाषेत याला तंतूंनी बळकट केलेले संमिश्र द्रव्य म्हणतात. विमानांच्या पंखांत कार्बनचे धागे आणि राळ याच तत्त्वावर काम करतात. पण विमानाची राळ एकदा घट्ट झाली की पाण्याने सुटत नाही. सरस मात्र सुटतो. पाण्याने तो तयार झाला आणि पाणी गेल्यावर घट्ट झाला. पाणी परत आले की तो पुन्हा मऊ होतो. या धनुष्याचे सगळे शास्त्र सरसाच्या या एका गुणात सामावलेले आहे. कारागीर प्रत्येक टप्प्यावर ओलावा आत आणतो आणि मग तो हळूहळू, हवा तेवढाच, बाहेर काढतो.

ऋतूंचे वेळापत्रक

म्हणूनच या कामाला घड्याळ नसते, ऋतू असतात. ‘काओगोंगजी’मध्ये हे वेळापत्रक स्पष्ट दिले आहे. हिवाळ्यात गाभ्याचे लाकूड फोडावे, वसंतात शिंग भिजवून मऊ करावे, उन्हाळ्यात कंडरा कमवावी, शरदात तिन्ही जोडावे आणि पुन्हा थंडी आली की धनुष्याला त्याचा आकार पक्का करू द्यावा. त्याच ग्रंथात धनुष्याच्या सहा सामग्रींची कामे सांगितली आहेत, आणि त्यात लाखेच्या लेपाचे काम काय, तर दंव आणि हिमकण सोसणे. शिंगाबद्दलही एक बारकावा नोंदला आहे: शरदात कापलेल्या जनावराचे शिंग जाड असते, वसंतातल्या जनावराचे पातळ. हे लिहिणाऱ्याने शिंगे हाताळलेली होती.

कोरियातही जोडकाम शरदात सुरू होते आणि हिवाळा संपेपर्यंत चालते. उन्हाळा तिथे दमट आणि पावसाचा असतो, सरस वाळत नाही. थंड, कोरडी हवा सरसाला सावकाश आणि आतून वाळवते. कारागिराच्या खोलीत जमिनीखालून ऊब फिरवण्याची जुनी कोरियन सोय असते, ती इथेही कामी येते. ऊब हवी, पण ओलसर ऊब नको. ही खोली म्हणजे या धनुष्याचे पाळणाघरच.

काम असे पुढे जाते. पक्क्या बांबूची पट्टी काढून ती विस्तवावर तापवतात आणि वाकवतात. वाकवायचे ते उलट्या बाजूने, म्हणजे पुढे दोरी चढवल्यावर धनुष्य जिकडे वाकणार त्याच्या विरुद्ध. तुतीची टोके बांबूच्या दोन्ही शेवटांना पाचरीसारखा सांधा करून बसवतात, जेणेकरून सरसाला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा. शिंग करवतीने कापून, तासून, तापवून सपाट केले जाते. मग सांध्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर सरसाचे पातळ हात एकावर एक देतात, जेणेकरून तो बांबूच्या आणि शिंगाच्या रंध्रांत मुरावा. मुरलेल्या पृष्ठभागांवर शेवटचा हात देऊन शिंग बांबूवर ठेवले की दोरीचे वेढे देऊन ते आवळायला सुरुवात होते. दोरी इंच-इंच पुढे सरकते, प्रत्येक वेढ्याबरोबर जादा सरस कडेने बाहेर येतो. या वेळी हात सैल पडला तर आत हवेचा पोकळ खिसा राहतो. तो बाहेरून दिसत नाही. धनुष्य जोरात ओढले की त्याच जागी शिंग सुटते. तुर्कस्तानचे कारागीर याच जागी आणखी एक काळजी घेत. शिंगावर आणि लाकडावर लांबीच्या दिशेने एकमेकांत बसणाऱ्या बारीक चऱ्या कोरून सरसाला धरायला जास्त जागा करून देत.

पाठीवरचे तंतू

शिंग बसले की मध्ये ओकची मूठ जोडली जाते आणि मग येते सर्वांत नाजूक काम. वाळलेली कंडरा दगडावर किंवा लाकडावर ठोकतात. ठोकता ठोकता ती तुटत नाही, तर उलगडते आणि तिचे धागे सुटे होतात. हे धागे विंचरून अंबाडीच्या वाखासारखे मोकळे करतात. मग मूठभर धाग्यांची जुडी कोमट सरसात बुडवून, बोटांनी जादा सरस निपटून, बांबूच्या पाठीवर लांबीच्या दिशेने पसरवतात. जुड्यांची टोके एकाच रेषेत येऊ द्यायची नाहीत. विटांच्या बांधकामात सांधे जसे चुकवतात तसे ते चुकवायचे. सगळे धागे सरळ आणि एकमेकांना समांतर हवेत. वाकडा धागा ताण वाहत नाही, तो फक्त वजन वाढवतो.

एक थर दिला की तो वाळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा. घाई करून जाड थर दिला तर वरचा भाग वाळतो आणि आतला ओला राहतो. तो ओलावा महिन्यांनी बाहेर पडतो तेव्हा पाठीवर भेगा पडतात किंवा पाते पिळवटते. आणि वाळताना एक गोष्ट घडते जी पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही. सरस आणि कंडरा आक्रसतात, आणि आक्रसताना सगळे धनुष्य आपल्याकडे ओढून घेतात. उलट बाक अधिकच वळतो. गाकगुंगची दोरी काढून ठेवली की त्याची दोन्ही टोके एकमेकांना भिडायला येतात, जवळजवळ बंद वर्तुळ होते. म्हणजे दोरी चढवण्याआधीच या धनुष्यात ताण भरलेला असतो. दोरी चढवणे म्हणजे त्या वर्तुळाला उलटे वळवणे. नेमबाज त्यानंतर जे ओढतो ते त्या साठलेल्या ताणाच्या वर असते. त्यामुळे ओढीच्या सुरुवातीलाच हाताला भरीव जोर लागतो आणि बाणाला मिळणारी ऊर्जा त्या मानाने खूप जास्त असते. हलकी, आखूड पाती ती ऊर्जा स्वतःच्या हालचालीत फार कमी खर्च करतात आणि बरीचशी बाणाकडे सोपवतात.

कोरियात आजही नेम १४५ मीटरवरचा असतो. ऑलिम्पिकमध्ये हे अंतर ७० मीटर आहे. पारंपरिक मैदानावर नेमबाज एका फेरीत पाच बाण सोडतो, नेम धरायला कुठलीही दुर्बीण किंवा टोचणी नसते, आणि दोरी अंगठ्याने ओढली जाते, ज्यावर शिंगाची अंगठी असते. याच कुळातल्या तुर्की धनुष्यांनी तर अंतराचे वेगळेच विक्रम केले. इस्तंबूलच्या ओकमेयदानी मैदानावर ८०० मीटरहून लांब गेलेल्या बाणांच्या स्मरणार्थ दगड रोवले गेले. १७९० च्या दशकात लंडनमधल्या तुर्की दूतावासाचे सचिव महमूद एफेंदी यांनी तिथल्या तिरंदाजांसमोर ४४० मीटरच्या आसपास बाण सोडून दाखवला, आणि लाकडी धनुष्याच्या परंपरेतल्या इंग्रजांना आपल्या हत्याराकडे नव्याने पाहायला लावले.

विस्तवापुढची परीक्षा

पाठ पूर्ण वाळली की कारागीर पहिल्यांदा दोरी चढवतो. इथे चूक झाली तर महिन्यांचे काम एका क्षणात जाते. धनुष्य आधी शेगडीच्या उबेला धरून हळूहळू शेकतात. उष्णतेने सरस आणि शिंग किंचित मऊ होतात आणि वळायला तयार होतात. मग पाती उलटी वळवून दोरी चढवली जाते. पाती आकाराला धरून राहावीत म्हणून त्यांना वाकड्या लाकडाचे आधार बांधतात. त्यानंतर कारागीर धनुष्य समोर धरून पाहतो. दोन्ही पाती सारखी वाकतात का, दोरी मधोमध धावते का, कुठे पाते एका कडेला कलते का? जिथे पाते जास्त ताठ, तिथे शिंग थोडे तासायचे. जिथे कललेले, तिथे विस्तव दाखवून दाबून सरळ करायचे. पुन्हा पाहायचे, पुन्हा शेकायचे. या पायरीला मोजपट्टी फारशी उपयोगी नाही. जनावराच्या प्रत्येक शिंगाची घनता वेगळी, प्रत्येक बांबूचे पेर वेगळे. इथे काम करते ती हाताला आलेली समज, जी गुरूशेजारी वर्षानुवर्षे बसल्यावरच येते.

सगळ्यात शेवटी भूर्जाच्या सालीचे आवरण. आपल्या हिमालयात ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच भूर्जाचे भाऊबंद उत्तर कोरियाच्या डोंगरांत वाढतात. या सालीत मेणासारखे द्रव्य असते आणि ते पाणी आत शिरू देत नाही. पाठीवर साल घट्ट गुंडाळून चिकटवली की सरस आणि कंडरा बाहेरच्या हवेपासून झाकले जातात.

पण आवरण पुरेसे नसते. गाकगुंगचा मालक नेम झाल्यावर ते उबदार पेटीत ठेवतो. कोरियन नेमबाजीच्या मंडळांत अशा पेट्या असतात, ज्यांत साधारण ३० अंशांची कोरडी ऊब सतत राहते. खेळायच्या आधी ते पेटीतून काढायचे, शेकायचे, दोरी चढवायची, पाती तपासायची, किंचित कललेली असतील तर हाताने सरळ करायची. पावसाळ्यात तर पेटीची ऊब एक दिवसही चुकवता येत नाही. म्हणजे कारागिराने सुरू केलेले काम नेमबाज रोज पुढे चालवतो. विकत घेतले आणि भिंतीला टांगले, असे हे धनुष्य नाही. मालकाच्या हाताला ऊब आणि ओलावा कळत नसेल, तर उत्तमातले उत्तम गाकगुंग दोन पावसाळ्यांत कुजते.

आपल्याकडचा पाऊस

भारताला शिंगाचे धनुष्य अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त धनुष्यांचे प्रकार सांगताना ताड, बांबू आणि लाकडाच्या जोडीने शिंगाचे धनुष्यही येते. पुढे मध्य आशियातून आलेल्या सत्तांबरोबर जोडीव धनुष्य उत्तर भारतात आणि दख्खनमध्ये रुळले, आणि मोगलकाळातल्या लघुचित्रांत घोडेस्वारांच्या हातात तेच दिसते. पण इथे त्याला मोसमी पावसाशी झगडावे लागले. शस्त्रागारात वर्षानुवर्षे साठवून ठेवायचे तर सरसाचे धनुष्य टिकवणे कठीण. त्यावर इथल्या लोहारांनी काढलेला तोडगा म्हणजे पोलादी धनुष्य. आकार अगदी शिंगाच्या धनुष्याचा, पण सगळे पोलादाचे, अनेकदा सोन्या-चांदीच्या नक्षीने मढवलेले. अशी धनुष्ये देशोदेशींच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. बाण फेकण्यात ती शिंगाच्या धनुष्याला गाठत नाहीत, कारण पोलाद जड असते आणि पात्यांनाच हलवण्यात ताकद खर्ची पडते. पण ती सुजत नाहीत, सुटत नाहीत, पावसाळा मुकाट्याने काढतात. शस्त्रागारासाठी हा सौदा योग्य होता.

सातपुड्यातल्या भिल्लांनी या प्रश्नाला तिसरेच उत्तर दिले. त्यांच्या तीरकामठ्यात पाते बांबूचे, आणि दोरीही बांबूच्याच पट्टीची. पाऊस पडला तरी बिघडणारे त्यात काही नाही, आणि बिघडलेच तर त्याच जंगलात दुसरा बांबू आहे. शिंगाचे धनुष्य जिथे कोरडे थंड गवताळ प्रदेश आहेत, जिथे घोड्यावरून लांबचा नेम साधायचा आहे आणि ताठ उंच झाडे कमी आहेत, तिथे जन्मले. भिल्लांचे धनुष्य जिथे झाडी दाट आणि नेम जवळचा, तिथे जन्मले. दोन्हींतले शहाणपण सारखेच आहे. मुलखाच्या हवेप्रमाणे ते वेगळ्या वस्तूंत उतरले आहे.

धनुष्य आणि नेमबाज

१८९४ मध्ये जोसॉन दरबाराने सुधारणा करताना जुनी शासकीय परीक्षापद्धती बंद केली. तिच्यात सैनिकी पदांसाठी तिरंदाजीची परीक्षा असे, तीही गेली, आणि बंदुकांपुढे धनुष्य सैन्यातूनही हद्दपार झाले. त्यानंतरच्या काही वर्षांतच राजा गोजोंगने राजवाड्याच्या आवारात ह्वांगहाकजोंग हे नेमबाजीचे ठिकाण सुरू केले आणि धनुष्याला खेळ म्हणून नवे जीवन दिले. पुढे जपानी सत्ता, युद्ध आणि दारिद्र्य यांतून ही कला कशीबशी तरून गेली. १९७१ मध्ये कोरियाच्या सरकारने धनुष्य-बाण बनवणाऱ्या कारागिरीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. पण साधारण त्याच सुमारास फायबरग्लासची धनुष्ये बाजारात आली. आकार पारंपरिक, किंमत कमी, पाण्याची भीती नाही, शेगडीची गरज नाही. बहुतेक नेमबाजांनी ती उचलली, आणि त्यांनी चूक केली असे म्हणता येणार नाही. नव्याने शिकणाऱ्याला ऊब सांभाळायला सांगणे म्हणजे शिकण्याच्या आधीच घाबरवणे.

मग गाकगुंग आज कशामुळे टिकून आहे? कोरियन नेमबाजीतला एक नियम इथे निर्णायक ठरला. श्रेणींच्या परीक्षेत पाचव्या श्रेणीपासून पुढे जायचे असेल तर शिंगाचे धनुष्य आणि बांबूचे बाणच वापरावे लागतात. सुरुवात फायबरग्लासवर करा, पण खेळात वर चढायचे असेल तर विस्तवाशी, सरसाशी आणि शिंगाशी ओळख करून घ्यावीच लागते. या नियमामुळे दरवर्षी नवे नेमबाज धनुष्य शेकायला शिकतात, पाती सरळ करायला शिकतात, आणि कारागिराकडे त्याच्या कामाची पारख असलेले गिऱ्हाईक येते. २०२० मध्ये सरकारने धनुर्विद्येलाही राष्ट्रीय अमूर्त वारशात घेतले. बनवणारा आणि चालवणारा, दोघांनाही आता मान्यता आहे. तुर्कस्तानच्या पारंपरिक तिरंदाजीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, तिथेही हीच दिशा दिसते.

हस्तकला वाचवायच्या म्हटल्या की आपण बहुधा कारागिराला अनुदान द्यायचा विचार करतो. तेही हवेच. पण शिंगाचे धनुष्य आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवते. ज्या वस्तूची राखण तिच्या वापरणाऱ्याला रोज करावी लागते, ती वस्तू फक्त बनवणाऱ्याच्या बळावर टिकत नाही. तिला जाणकार वापरणारे लागतात, आणि जाणकार वापरणारे तयार होतील अशी रीत समाजाने घालून द्यावी लागते. कोरियाने ती रीत एका परीक्षेच्या नियमात बसवली. पैठणी असो, वा हातमागाचे घोंगडे, वा मिरजेत घडणारा तंबोरा, आपल्याकडच्या कलांसाठीही कारागीर किती उरले या मोजणीच्या जोडीने दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: या वस्तूची पारख आणि निगा जाणणारी माणसे आपण दरवर्षी किती घडवतो?